नदी गोठली तर गाव कसं चालतं? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात उत्तर रशियातल्या सुखोना नदीच्या काठावरच्या एका लहानशा खेड्याबद्दल लिहिलं होतं. वीस-पंचवीस लाकडी घरं, त्यातली अर्धी कुलूपबंद, घरामागून नदीपर्यंत उतरत गेलेली बटाट्याची वावरं, काठावरची धुरकट न्हाणीघरं, आणि आठवड्यातून दोनदा येणारी ब्रेडची गाडी. बस, एवढंच. मला वाटलं कोण वाचतं बाप्पा हे ऐन तुरी-कापसाच्या दिवसात, तर प्रश्नांचा ढीग लागला, व्हॉट्सॲपवर आले, फोनवर आले, एका भाऊंनी तर बाजारात गाठून विचारलं. सगळे छापणं शक्य नाही, सारखे होते ते एकत्र केले, आणि प्रश्नाची भाषा ज्याची त्याची राहू दिली.

सर, नदी गोठते म्हणता तर मंग मासे मरत नाही का? अन् लोकं बर्फावरून ट्रॅक्टर नेते असं लिवलं तुमी, खरं हाये का गंमत करून राह्यले?
— एक शेतकरी, ता. आरमोरी

गंमत नाही भाऊ, खरंच नेतात. आधी माशांचं सांगतो. तळ्यासारखं शांत पाणी थंड होत होत ४ डिग्रीवर आलं की सगळ्यात जड होतं आणि तळाला बसतं, त्याहून थंड पाणी हलकं असतं म्हणून वर राहतं, वाहत्या नदीत हे थर ढवळले जातात, पण बर्फ पाण्याहून हलका, तो तिथंही वरच तरंगतो. म्हणजे नदी वरून गोठत येते आणि खालचं पाणी वाहतच राहतं. मासे तळाशी सुस्त पडून असतात, खाणं कमी, हालचाल कमी. लहान तळ्यात मात्र कधीकधी मरतात, पण थंडीनं नाही, बर्फाखाली हवा संपते म्हणून. मग गावातली माणसं बर्फात भोकं पाडून ठेवतात. आणि भोक पाडलं की तिथं गळ टाकून बसणारा म्हातारा आलाच. हातानं फिरवायचं माणसाच्या छातीएवढं गिरमिट असतं, त्यानं गोल भोक पाडायचं, पेटीवर बसायचं, वीतभर काडीचा गळ आत सोडायचा आणि संध्याकाळपर्यंत बसून राहायचं. बायको घरी काय म्हणते ते आपल्याकडच्या मासे धरणाऱ्यांना सांगायला नको.

आता ट्रॅक्टर. बर्फ माणसाला चालायला साधारण १० सेंटीमीटर लागतो, मोटारीला ३० च्या आसपास, ट्रकला त्याहून बराच जास्त. सरकारी माणसं जागोजागी भोकं पाडून जाडी मोजतात, मग काठावर बोर्ड लागतो, किती टनाची गाडी चालेल, दोन गाड्यांत अंतर किती ठेवायचं वगैरे. त्यातला एक नियम वाचून आपला ट्रॅफिकवाला चक्रावून जाईल: बर्फावर गाडी घातली की सीटबेल्ट काढून टाकायचा. का, तर बर्फ फुटलाच तर उडी मारून बाहेर पडता आलं पाहिजे.

खरं सांगू का, हिवाळा हा तिथला सोयीचा काळ आहे. रस्ता कडक, नदी म्हणजे फुकटचा पूल. अडचण मधल्या दिवसांत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फ धरत असतो आणि एप्रिलमध्ये फुटत असतो, तेव्हा ना डोंगा चालत ना पायी जाता येत, आणि पलीकडचं गाव काही आठवडे तुटून पडतं. भामरागडच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही, पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की काय होतं ते त्यांनी वर्षानुवर्षं भोगलंय. फक्त तिथं पावसाच्या जागी बर्फ आहे. वरून चिखल. वर्षातून दोनदा, पानगळीत आणि बर्फ वितळताना, तिथले कच्चे रस्ते आपल्या पावसाळ्यातल्या पांदण रस्त्यासारखे होतात, १९४१ च्या ऑक्टोबरात जर्मन फौजेचे ट्रक आणि तोफा याच चिखलात रुतल्या होत्या.

आमी वैनगंगेच्या काठचे, ऑगस्ट २०२० चा पूर डोयानं पाह्यला. पण तिकडं तर आपल्यासारखा पाऊसच नाही म्हणता, मंग नदीले पूर येते कुठून?
— एक वाचक, ता. पवनी

पाऊस नाही पण सहा महिन्यांचा बर्फ साचलेला असतो ना, तो दोन-तीन आठवड्यांत वितळतो. तेवढ्यानंही निभलं असतं, पण उत्तर रशियातल्या बहुतेक मोठ्या नद्या दक्षिणेकडून उत्तरेला वाहतात. आता विचार करा, वरच्या अंगाला म्हणजे दक्षिणेला ऊन आधी लागतं, तिथला बर्फ आधी फुटतो आणि पाणी निघतं, आणि खालच्या अंगाला नदी अजून कडक गोठलेली. वरून येणारे घरा-घराएवढे बर्फाचे तुकडे वळणावर, बेटाशी, उथळ जागी अडकतात, एकावर एक चढतात आणि नदीत बांध तयार होतो. मागचं पाणी तासांत गावात शिरतं. पावसाच्या पुराचा अंदाज तरी करता येतो, अमुक धरणातून इतकं सोडलं म्हणजे आपल्याकडं उद्या येणार. हा बांध कुठं बसेल ते त्या दिवशीच कळतं.

मे २००१ मध्ये सायबेरियातल्या लेना नदीवर असाच बांध बसला आणि लेन्स्क नावाचं अख्खं शहर पाण्यात गेलं, बांध फोडायला लढाऊ विमानांनी बर्फावर बॉम्ब टाकले होते. सुखोनेवर वेलिकी उस्त्युग म्हणून जुनं शहर आहे, तिथं १९९८ ला आणि २०१६ ला असे मोठे पूर आले. म्हणून आता तिथली माणसं आधीच तयारीला लागतात, मार्चमध्ये मशिनीनं बर्फात लांबच लांब चिरा पाडतात, आणि काही ठिकाणी बर्फावर कोळशाची पूड पसरतात. काळ्या रंगावर ऊन जास्त धरतं, तेवढी पट्टी लवकर नरम पडते आणि बर्फ फुटायचा तो आपण ठरवलेल्या जागी फुटतो. साधी युक्ती आहे, पण मला फार आवडते.

सुखोनेची अजून एक मजा. ती कुबेन्स्कोये नावाच्या तलावातून निघते, आणि वसंतात खालच्या उपनद्यांना एवढं पाणी येतं की वरच्या टप्प्यात ही नदी उलटी, तलावाकडं वाहते. आणि उस्त्युगपाशी तिला यूग नावाची नदी मिळते, दोघींचं नाव तिथं संपतं आणि पुढं उत्तर द्विना म्हणून श्वेत समुद्रापर्यंत जाते. वर्धा आणि वैनगंगा मिळाल्यावर प्राणहिता होते तसंच अगदी.

आमचं गाव गोसीखुर्द धरणात गेलं. तुमच्या त्या नदीकाठच्या गावाचे फोटो पाहून आईच्या डोयाले पाणी आलं. तिथंबी कोणाचं गाव असं पाण्यात गेलं का?
— पुनर्वसित गावातले एक वाचक, ता. भिवापूर

गेली भाऊ, शेकड्यानं गेली. व्होल्गा नदीवर रिबिन्स्क नावाचं धरण आहे, १९४१ च्या एप्रिलात त्यात पाणी भरायला सुरुवात झाली. पाण्याखालचं क्षेत्र साडेचार हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपला अख्खा भंडारा जिल्हा बुडून वर जागा उरेल. सहाशेच्या वर गावं, मोलोगा नावाचं एक जुनं शहर, आणि सुमारे १ लाख ३० हजार माणसं हलवली. काम कोणी केलं, तर मोठा भाग छावण्यांतल्या कैद्यांनी. मोर्चा, धरणे आंदोलन, कोर्ट यातलं काही त्या काळी तिथं शक्य नव्हतं.

तिथली घरं सगळी ओंडक्यांची, खिळे नावापुरते, कोपऱ्यात खाचा पाडून ओंडके एकमेकांत बसवलेले. त्यामुळं घर उकलता येतं. लोकांनी ओंडक्यांवर नंबर टाकले, घर खाली उतरवलं, त्याच ओंडक्यांचे तराफे बांधले आणि नदीतूनच नव्या जागी वाहून नेलं, तिथं पुन्हा नंबरानं रचलं. ज्याची लाकडं कुजकी निघाली त्याचं घर गेलं. विटांची बांधकामं, चर्चं वगैरे सुरुंग लावून पाडली. २०१४ च्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार उतरलं होतं तेव्हा मोलोग्याचे दगडी रस्ते आणि घरांचे पाये वर आले, आणि माणसं होड्या घेऊन ते बघायला गेली.

आईला सांगा, व्होल्गेवरच वरच्या अंगाला कल्याझिन म्हणून गाव आहे, तिथल्या जुन्या चर्चचा घंटेचा मनोरा अजून पाण्यात एकटा उभा आहे. जुन्या गावाचा बराच भाग बुडाला. तिथले लोक त्याला बघायला येतात, फोटो काढतात. मला ते फोटो सुंदर वाटत नाहीत, पण ते माझं मत.

आमच्याकडं धान निघायच्या आधी बांधीत उतेरा म्हणून जवस टाकतात. तुम्ही लिहिलं की त्या गावात पूर्वी जवसाचं कापड विणायचे. जवसाचं कापड? दुसरं झाड असेल ना?
— एक गृहिणी, ता. लाखनी

ताई, तेच झाड. तुमच्या चटणीतलं जवस आणि त्यांच्या टॉवेलातला धागा, दोन्ही एकाच झाडाचे, तेच निळं फूल. फक्त आपण शेकडो वर्षं तेल आणि दाण्यासाठी वाण निवडत आलो म्हणून आपलं झाड बुटकं आणि फांद्यांचं, आणि त्यांनी धाग्यासाठी निवडलं म्हणून त्यांचं उंच, सरळ, फक्त शेंड्याला फुटणारं. वोलोग्दा, त्वेर, कोस्त्रोमा, स्मोलेन्स्क हा सगळा पट्टा जवसाच्या धाग्याचा. कापूस तिथं येत नाही, उन्हाळाच पुरत नाही, मग अंगावरचा सदरा, अंथरूण, दोर, पोती, मासे धरायचं जाळं, सगळं जवसातून काढायचं.

कष्ट मात्र कापसापेक्षा कितीतरी जास्त. मे महिन्यात दाट पेरायचं, दाट का तर फांद्या फुटू नयेत. तयार झालं की विळ्यानं कापायचं नाही, मुळासकट उपटायचं, कापलं तर तेवढा धागा वाया. पेंढ्या वाळवून दाणे झाडून घेतले की काड्या कुरणावर पातळ पसरून द्यायच्या आणि काही आठवडे दवात पडू द्यायच्या, अधूनमधून उलटायच्या. दवानं काडीतला चिकटा कुजतो आणि साल सुटते. इथं अंदाज चुकला तर सगळं गेलं, कमी कुजलं तर धागा निघत नाही, जास्त कुजलं तर धागाच सडतो. मग वाळवायचं, लाकडी यंत्रात मोडायचं, झोडपायचं, लोखंडी दातांच्या फणीतून ओढायचं, आणि ज्या हिवाळ्यात बाहेर पडता येत नाही त्या हिवाळ्यात भट्टीजवळ बसून कातायचं. हे सगळं बायकांचं काम होतं, पुरुष उपटायला मदत करत. आता हातानं कोणी करत नाही.

तुम्ही पुढं विचारलंय की आपल्या उतेऱ्याच्या काडीतून धागा निघेल का. निघतो, पण आखूड आणि भरड. तेल काढा, चटणी करा, तेच बरं.

उणे ३० मध्ये पोट्टे शाळेत जातात म्हणे. आम्हाला वरोऱ्यात डिसेंबरात १० झालं तरी आंघोळ नको वाटते. घरात जगतात कसे?
— एक विद्यार्थी, वरोरा

बाळा, उणे ३० रोज नसतं. त्या भागात जानेवारीत साधारण उणे १०-१२ असतं, मधूनच एखादी लाट येते आणि पारा तिशीखाली जातो, तेव्हा लहान वर्गांना सुट्टी देतात. आपल्याकडं उन्हामुळं शाळा सकाळच्या करतात ना, तसं.

घराचं म्हणशील तर सगळं भट्टीवर आहे. घराच्या मध्यात विटांची भट्टी, एवढी मोठी की खोलीचा चौथा हिस्सा तीच खाते, वजन टनांत. सकाळी उठून तिच्या पोटातच बर्चची लाकडं रचून पेटवतात. दोन-तीन तासांत लाकडं जळून निखारे होतात, निखारे एका बाजूला ओढतात आणि त्याच जागी मडकी सरकवतात, लांब दांड्याचा दोन बोटांचा चिमटा असतो त्यानं. तोंडाला पत्रा लावून बंद. आता आत जाळ नाही पण विटा तापलेल्या, त्यात कोबीचं सूप, लापशी, दूध दिवसभर हळूहळू शिजत राहतं, आणि त्याच विटा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घर ऊबदार ठेवतात. भट्टीच्या माथ्यावर सपाट जागा असते, तिथं झोपायचा मान घरातल्या म्हाताऱ्यांचा आणि लहान पोरांचा.

एक गोष्ट मात्र तिथल्या प्रत्येक पोराला माहीत असते. धुराड्याला झडप असते, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शेवटी ती लावतात. पण निखाऱ्यावर निळी ज्योत नाचताना दिसते तोपर्यंत झडप लावायची नाही. घाई केली तर कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेली माणसं झोपलेलीच राहतात. आपल्याकडंही थंडीत दार लावून शेगडी घेऊन झोपलेल्यांच्या बातम्या दरवर्षी पेपरात येतात, कारण तेच.

आणि भिंती ओंडक्यांच्या, फटीत शेवाळ नाहीतर जवसाचाच चोथा ठासलेला, खिडक्या दुहेरी. न्हाणीघर घरापासून लांब नदीकाठी, आगीची भीती म्हणून आणि पाणी जवळ म्हणून. आठवड्यातून एकदा, शक्यतो शनिवारी, तिथं वाफ धरायची, बर्चच्या पाल्याच्या जुडीनं अंग झोडायचं आणि नदीत उडी. १९ जानेवारीला तर बर्फात क्रॉसच्या आकाराचं भोक पाडून सणाची बुडी मारतात, आपल्या संक्रांतीच्या आंघोळीनंतर पाच दिवसांनी. तू १० डिग्रीवर रडतोस.

सर, लेखात एक गोष्ट अर्धवट सोडली. निम्मी घरं कुलूपबंद का? थंडीमुळं लोक सोडून गेले का?
— जि. प. शिक्षिका, ता. कोरची

ताई, थंडीनं नाही. थंडी हजार वर्षांपूर्वीही होती आणि तेव्हा तर ना वीज होती ना गॅस, तरी गावं वसली होती. हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं, कारण मूळ लेखात जागा नव्हती आणि खरं तर तोच विषय आहे.

२०१० च्या रशियन जनगणनेत सुमारे १ लाख ५३ हजार खेडी मोजली. त्यातल्या १९ हजारांवर खेड्यांत एकही माणूस नव्हता, नाव नकाशावर, माणूस शून्य. अजून ३६ हजारांच्या आसपास खेड्यांत दहा किंवा त्याहून कमी माणसं. हे एका दिवसात नाही झालं. १८६१ पर्यंत तिथले कितीतरी शेतकरी जमीनदाराच्या मालकीचे, भूदास. मग १९२९ पासून सामूहिक शेती, ज्याच्याकडं दोन गायी जास्त तो वाईट ठरला आणि कित्येकांना घरातून उचलून सायबेरियात धाडलं. १९३२ मध्ये देशात अंतर्गत पासपोर्ट सुरू झाले, पण सामूहिक शेतावरच्या माणसांना सरसकट मिळाले नाहीत, म्हणजे परवानगीशिवाय शहरात जाऊन राहायची सोय नाही. हा हक्क देण्याचा निर्णय १९७४ चा. त्यात दुसरं महायुद्ध, सोव्हिएत देशाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली, आणि खेड्यातून गेलेले पुरुष परत आलेच नाहीत. तिथं लहानात लहान गावातही एक स्मारक असतं, त्यावर नावं, आणि एकच आडनाव खाली खाली सहा-सहा वेळा.

पण एवढं होऊनही गावं होती. घाव बसला तो १९६०-७० च्या दशकात, आणि तो ऑफिसात बसून घातला. लहान गावांची यादी केली, काहींवर शिक्का मारला की या गावाला भविष्य नाही, मग तिथं नवीन काही करायचं नाही. शाळा मोठ्या गावात नेली, दुकान गेलं, दवाखाना गेला, रस्ता दुरुस्त होईना. कोणाला जबरदस्तीनं हाकललं असं सगळीकडं नाही, फक्त सात वर्षांच्या पोराला शाळा नाही म्हटल्यावर आई-बाप किती दिवस थांबतील? भविष्य नाही म्हणून शाळा काढली, शाळा काढली म्हणून भविष्य गेलं, आणि मग आकडे दाखवून म्हणाले बघा आमचा अंदाज बरोबर होता. १९८० च्या सुमारास धोरण गुंडाळलं पण गेलेली माणसं थोडीच परत येतात. १९९१ नंतर सामूहिक शेतं मोडली, जमिनीच्या हिश्शाचे कागद हातात आले, ट्रॅक्टरला डिझेल नाही, दुधाला गिऱ्हाईक नाही. वावरात बर्च उगवला आणि आता तिथं जंगल आहे. तरणी पोरं वोलोग्द्याला, चेरेपोवेत्सच्या पोलाद कारखान्यात, नाहीतर सरळ मॉस्को-पीटर्सबर्गला. आपली पोरं पुण्याला जातात तशी.

मागं राहिल्या आज्या. तिथं पुरुष बायकांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातात, त्यात दारूचा हात मोठा, म्हणून हिवाळ्यात ज्या घरातून धूर निघतो तिथं बहुतेक एकटी म्हातारी. पेन्शन येते, ब्रेडची गाडी येते, आणि जवळच्या मोठ्या गावात फेल्डशर असतो, म्हणजे डॉक्टर नाही पण इंजेक्शन, बाळंतपण, पट्टी हे सगळं शिकलेला माणूस. तो जिथं टिकला तिथं गाव टिकलं असं मी स्वतः ऐकलं आणि मला ते पटतं. उन्हाळ्यात मात्र गाव भरतं, शहरातली लेकरं-नातवंडं येतात, भाज्या लावतात, जंगलातून बेऱ्या आणि अळिंबी गोळा करतात, आणि सप्टेंबरात कुलूप.

२०२३ मध्ये आपल्याकडं २० पेक्षा कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले तेव्हा मला त्या रशियन याद्याच आठवल्या. कोरचीत तुम्ही शिकवता, पावसाळ्यात नाला आडवा आला की दुसरीतलं पोर चार किलोमीटरवरच्या शाळेत कसं पोचतं ते मी तुम्हाला काय सांगू. गाडीची सोय करू म्हणतात. तिथंही पिवळ्या स्कूलबस आहेत, चिखलाच्या महिन्यात त्याही येत नाहीत.

मी माळकरी आहे. मुलीचं एमबीबीएस तिकडं चालू आहे, मला भेटायला जायचं आहे. खेड्यात मांसाशिवाय काही मिळतं का?
— एक वारकरी, ता. दर्यापूर

माऊली, नशीब काढलं तर अगदी सात आठवडे मिळतं. ईस्टरच्या आधी तिथं मोठा उपवासाचा काळ असतो, श्रद्धाळू माणूस त्यात मांस, दूध, अंडी काहीच खात नाही. शिवाय बाराही महिने बुधवार-शुक्रवार, आणि अजून तीन मोठे उपवास, सगळं मिळून वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस होतात. आता सगळे पाळत नाहीत, पण म्हाताऱ्या बायका पाळतात आणि त्यांना असा स्वयंपाक येतो: कोबी, बीट, बटाटा, मटार, राय नावाच्या धान्याची काळी भाकर म्हणजे ब्रेड, लोणच्याची काकडी, अळिंबी, कुट्टूची लापशी. तेल पूर्वी जवसाचं असायचं, आता सूर्यफुलाचं. तिखट नाही, हे आधीच सांगतो, दर्यापूरच्या माणसानं मिरचीपूड सोबत न्यावी. आणि सूप समोर आलं की कशात शिजवलं ते विचारा, कोबीचं म्हणून देतात आणि खाली हाड असतं.

२०२३ पासून भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो, घरबसल्या अर्ज करता येतो. ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर ज्यांच्या घरी उतराल त्यांना तुमची नोंदणी करावी लागते, मुलीला हे माहीत असेलच, तिलाच घरमालकाकडून करवून घ्यायला सांगा. मे-जूनमध्ये जाऊ नका, जंगलात गोचीड असते आणि तिच्या चावण्यानं मेंदूज्वर होऊ शकतो. आपली ढोरांची गोचीड नव्हे, ही वाईट.

रशियाची काळी माती आणि आपली काळी माती एकच का? मग कापूस का नाही येत?
— एक कापूस उत्पादक, हिंगणघाट

रंग एक, बाकी काही एक नाही. त्यांची काळी माती दक्षिणेला, गवताळ मैदानात, हजारो वर्षं गवत कुजून काळी झालेली, सेंद्रिय भाग भरपूर. आपली काळ्या दगडातून, बेसॉल्टातून झालेली, चिकण जास्त आणि सेंद्रिय भाग कमीच, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात फुगते. दोकुचायेव नावाच्या माणसानं १८८३ मध्ये त्या रशियन मातीवर मोठा ग्रंथ लिहिला, तिथून मातीचं शास्त्र सुरू झालं असं मानतात. पण आपलं सुखोनेकाठचं खेडं या पट्ट्यात येतच नाही, तिथली माती राखेच्या रंगाची, आंबट आणि गरीब, शेणखत घातल्याशिवाय काही देत नाही. कापूस मातीमुळं अडत नाही, उन्हाळ्यामुळं अडतो. जूनच्या सुरुवातीपर्यंत गोठलेल्या दहिवराची भीती आणि सप्टेंबरात पुन्हा हजर, मधे उरले शंभर-सव्वाशे दिवस.

ढोरं एवढ्या थंडीत कुठं ठेवते? अन् गावाले गायकी असते का?
— ता. सडक अर्जुनी

गोठा घराच्याच छपराखाली, मधल्या दारानं आत जायचं, बाहेर पडायला नको. सहा-सात महिने गाय आतच. म्हणून जुलैत सगळं गाव कुरणावर, लांब दांड्याच्या कोयत्यानं गवत कापायला, एका गायीला हिवाळाभर टनानं गवत लागतं आणि आपल्यासारखं तणस-कुटार तिथं भरवशाचं नसतं. गायकी, म्हणजे गावाची ढोरं राखणारा, पूर्वी असायचा, घराघरातून पाळीपाळीनं त्याला जेवण. ६ मे ला संत जॉर्जच्या दिवशी ढोरं पहिल्यांदा बाहेर काढायची, विलो झाडाच्या फोकानं हाकत. आता बहुतेक गावात हाकायला दोन गायीही नाहीत.

तिथले पोरं क्रिकेट खेळतात का?
— इयत्ता ७ वी, तुमसर

नाही. पण लाप्ता म्हणून जुना खेळ आहे, लाकडी बॅट, लहान चेंडू, मारायचं आणि पलीकडच्या रेषेपर्यंत पळून परत यायचं, वाटेत चेंडू लागला तर आऊट. आणि आपली विट्टी-दांडू तिथंही आहे, दोन्हीकडून टोकदार विट्टी, दांडूनं टोकावर मारून उडवायची आणि हवेतच टोलवायची. फक्त जमीन बर्फाशिवाय लागते, म्हणून मे ते सप्टेंबर.